कोमट कडं

१

माझं काम कुणालाही जमण्यासारखं आहे, असं आमच्या वर्बित्से गावातले लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकजणही पहाटे उठून ते करायला येत नाही. मी हावेल, संत वात्स्लावाच्या चर्चचा राखणदार. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या नि विझवायच्या, वेदीवरच्या कापडापासून उंदरांना लांब ठेवायचं आणि मोठं दार उघडायचं. बारा वर्षं झाली.

क्रमही ठरलेला आहे. दफनभूमीच्या भिंतीला धरून मोठ्या दाराशी यायचं. दाराचं लोखंडी कडं एकदा ओढून बघायचं, आतला अडसर जागेवर आहे ना म्हणून. मग चर्चला वळसा घालून मागच्या छोट्या दाराने आत शिरायचं, किल्ली खिळ्याला अडकवायची, दिवा लावायचा आणि आतून चालत परत मोठ्या दारापाशी यायचं. घंटेचा दोर तिथेच लोंबतो. तो ओढायचा, अडसर सरकवायचा, दार उघडायचं. तेवढ्यात म्हाताऱ्या बायका पायरीवर येऊन खोकत उभ्या असतातच.

नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण होऊन चार दिवस झाले होते आणि पहिलं मोठं दंव पडलं होतं. दाराच्या फळ्या पांढऱ्या, खिळ्यांची डोकी पांढरी. मी नेहमीसारखा उजवा हात कड्याला घातला आणि तसाच थांबलो.

आता हे सांगायला हवं की माझा उजवा हात मेलेला आहे. मागच्या फेब्रुवारीपासून. हलतो, धरतो, ओढतो, सगळं करतो, पण त्याला काही कळत नाही. मेणबत्तीचं गरम मेण पडलं तरी मी बघेपर्यंत मला पत्ता नसतो. त्या हाताला नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी कळलं.

कडं कोमट होतं.

२

मी काही भोळा माणूस नाही. चर्चमध्ये बारा वर्षं काढली की माणूस एक तर संत होतो नाही तर संशयी, आणि मी संत नाही.

आधी मी भास झाला म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी डावा हात लावून पाहिला. कोमटच. नुकताच कुणीतरी हात काढून घेतला असावा, एवढंच. पायरीवर पाहिलं तर दंवात माझी पावलं सोडून दुसरी नव्हती. उन्हाने तापलं म्हणावं तर दार उत्तरेला आहे, तिथे उन्हाळ्यातसुद्धा शेवाळ वाळत नाही. मेंढरं अंग घासून गेली असतील, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. मेंढरं कडं धरत नाहीत.

शेवटी कुबाट लोहाराला विचारलं. तो माझा जुना दोस्त, म्हणजे मला शिव्या घालायचा त्याला हक्क आहे.

"रात्रभर बाहेर राहिलेलं लोखंड गरम?" तो म्हणाला. "हावेल, मार्टिनच्या सणाच्या भाजलेल्या हंसाबरोबर बिअर किती ढोसलीस?"

"हंस मिळाला कुणाला इथे? मी कोबी खाल्ला."

"मग कोबी चढला असेल."

पण आला बिचारा. सकाळी सकाळी, झोपेतल्या केसांनी. कडं धरलं आणि हात झटकला. "अरे, बर्फ आहे बर्फ! चामडी निघाली असती माझी."

मी लगेच हात घातला. कोमट होतं. मी हात तिथेच ठेवला.

"तुझा हात तसाही बिघडलेलाच आहे," कुबाट जरा नरमाईने म्हणाला. "आणि माझ्या हाताला निखारासुद्धा धड कळत नाही. आपण दोघं चांगले पंच."

मी हसलो. तो गेला. पुढच्या आठवड्यात दंव आणखी जाड पडलं, आणि त्या सकाळी कडंही पांढरं झालं होतं. पण सगळं नाही. खालच्या बाजूला चार ठिकाणी, एकाला एक लागून, लोखंड काळं आणि कोरडं होतं. पलीकडच्या अंगाला पाचवी जागा होती, ती आखूड.

माझ्या भावाचा उजवा अंगठा लाकूड कापताना करवतीखाली गेला होता. अर्धा.

३

यीरा माझा थोरला भाऊ. लाकूडकापा. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं आणि ही नोकरीही त्यानेच जुन्या पाद्रीबुवांच्या पाया पडून मिळवून दिली. हे मी मुद्दाम सांगतो, नाही तर कुणाला वाटायचं आमचं वैर होतं.

त्याच्याकडे एक पुस्तक होतं. आपल्या भाषेत उतरवलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा; चर्चला ती लॅटिनमध्येच हवी. कुठून आणलं देव जाणे. संध्याकाळी करवतीच्या शेडात बसून तो शेजाऱ्यांना ते वाचून दाखवायचा. जुने पाद्री रेहोर यांनी ते तीनदा मागितलं, याने तीनदा नाही म्हटलं. मग एका रविवारी पाद्रीबुवांनी वेदीसमोर त्याचं नाव घेऊन पेटती मेणबत्ती जमिनीवर आपटली. ती मेणबत्ती मीच हातात दिली होती. त्या दिवसापासून यीरा बहिष्कृत. त्याच्याशी बोलायचं नाही, एका ताटात जेवायचं नाही, आणि मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रार्थना, चालू असताना त्याचं पाऊल चर्चमध्ये पडलं तर मिस्सा तिथेच थांबणार.

तो रानात लाकूडतोड्यांच्या झोपडीत राहायला गेला. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, परत आला. अख्खं गाव आत होतं. वर्षभराच्या मेणबत्त्या त्या दिवशी आशीर्वाद घेऊन घरी न्यायच्या असतात. वीज कडाडली की लावायला, माणूस मरायला टेकला की हातात द्यायला. बाहेर असा गारठा की श्वास मिशीवर गोठत होता, म्हणून दाराला आतून अडसर घातला होता. मिस्सा संपल्यावर मी दार उघडलं तेव्हा तो पायरीवर बसलेला होता, हात कड्यात. बोटं सोडवायला कुबाटने घरून गरम पाणी आणलं.

मला विचारलं गेलं. मी सांगितलं, "दोर दाराजवळच आहे, मी घंटा वाजवत होतो. मला काही ऐकू आलं नाही." सगळ्यांनी मान डोलावली. रेहोर पाद्री म्हणाले, "ऐकू आलं असतं तरी तू उघडायचं नव्हतंस, हावेल. तू कर्तव्य केलंस."

आता खरं काय ते सांगतो. घंटा मी थांबवली होती. आधी कडं वाजलं. मग त्याचा आवाज आला, दाराच्या फटीला तोंड लावून बोलल्यासारखा.

"हावेल, मी आहे रे. दादा. अडसर काढ. पाद्रीबुवांना म्हणावं, मी चुकलो, पुस्तक देतो. कबुली देतो. नुसतं आत घे. पाय जाणवत नाहीयेत मला."

दार हलत होतं आणि अडसर खोबणीत ढिला होता, सरकायला लागला होता. तो मी दोन्ही हातांनी धरला. लोखंड इतकं गार होतं की उजवा तळवा चिकटला. मागे वळून पाहिलं तर सगळं गाव न पेटलेल्या मेणबत्त्या घेऊन वेदीकडे तोंड करून उभं होतं. मिस्सा थांबली तर सगळे माझ्याकडे बघतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. दुसरा नव्हता.

तो किती वेळ बोलत होता ते मला सांगता येणार नाही. मग नुसतं कडं हलत राहिलं आणि मग तेही थांबलं. मी घंटेचा दोर धरला आणि पुन्हा वाजवायला लागलो.

४

बहिष्कृताला चर्चच्या आवारात जागा मिळत नाही. यीराला बागांच्या पलीकडे पुरलं, जिथे मेलेली गुरं पुरतात.

उन्हाळ्यात रेहोर पाद्री गेले आणि बेनेश आले. तरुण, हाडकुळे, प्रागमध्ये शिकलेले. ते लॅटिन वेदीपाशी ठेवून येत आणि प्रवचन आपल्या बोलीत करत, बाजारात भांडावं तसं. अर्धं गाव त्यांच्यावर फिदा झालं, उरलेल्या अर्ध्याला रेहोर पाद्रींची आठवण यायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटी वात्स्लावाचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी आत शिरताना प्रत्येकजण दाराचं कडं चुंबतो. बायका बाळांची कपाळं त्याला टेकवतात. का, तर संताला त्याच्या भावाने चर्चच्या दारात मारलं तेव्हा तो दाराचं कडं धरून पडला होता. आमचं कडं ते नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी चुंबतात.

बेनेश पाद्री उभे राहिले आणि म्हणाले, "झालं सगळ्यांचं कडं चाटून?"

कुणीतरी हसलं.

"हसू नका. वात्स्लाव राजा होता, पण वेदीची भाकरी स्वतः भाजायचा. विधवेच्या घरी लाकडं पाठीवर घालून न्यायचा. तुम्ही त्याला सोन्याचा मुलामा देता आणि विधवा गारठते ती गारठते. तुम्ही सांगता, तो आमचा राखणदार, आमचा वकील, देवापाशी आमची रदबदली करणारा. रदबदली कशाची? लोकहो, त्याने ते कडं का धरलं होतं? भक्तीने? अरे, दार उघडत नव्हतं म्हणून!"

आता कुणी हसत नव्हतं.

"मागून भाऊ तलवार घेऊन येत होता. तो जीव वाचवायला चर्चकडे धावला, आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं. भावाचं नाव इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. दार लावणाऱ्याचं नाव कोण सांगतो? कुणीच नाही. तो चर्चचाच माणूस होता. तो वाईट होता असं मला वाटत नाही. घाबरला असेल. आपलं कर्तव्य आठवलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याने पायरीही धुतली असेल. पण मी त्या भावापेक्षा या माणसाला जास्त भितो, कारण भावाने पुढे पश्चात्ताप केला असं सांगतात. याने केला की नाही, कुणालाच माहीत नाही."

मी खांबामागे उभा होतो. पायरी मी धुतली होती. बेनेश पाद्रींना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला राग यायला हवा होता किंवा रडू. काहीच आलं नाही. हाताला जे झालं होतं ते हळूहळू वर सरकत होतं, इतकंच.

५

ते प्रवचन ऑफ्का वहिनीने मनावर घेतलं. यीराची बायको कमी बोलणारी, पण एकदा उठली की बसत नाही. ती बेनेश पाद्रींकडे गेली आणि त्यांनी वरच्या धर्माधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर नाताळच्या आधीच्या उपासात आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाटाण्याची लापशी ढवळत होतो.

"भावजी, बसू का?"

"बस की. विचारायचं काय त्यात."

ती बसली नाही. "पाद्रीबुवांनी वाचून दाखवलं. मरताना तुमच्या दादांनी कबुली मागितली होती, असं ते ऐकलेला एक माणूस शुभवर्तमानावर हात ठेवून म्हणाला, तर बहिष्कार उठतो. मेल्यावरसुद्धा उठतो. मग आवारात आणता येईल."

"पाद्रीबुवा काय म्हणतात?"

"ते म्हणतात, तुझ्या नवऱ्याने कबुली द्यावी असं काही केलंच नव्हतं, पुस्तक वाचणं हे काय पाप आहे. म्हटलं, ते तुमचं तुम्ही वर भांडा. मला माती हवी." ती चुलीकडे बघत होती. "तिथे डुकरं उकरतात, भावजी. मी दगड रचते, ती ढकलतात. परवा एक बाही वर आली होती. मीच शिवलेली."

लापशी खाली लागली. मला वास आला, पण मी ढवळायचं विसरलो होतो.

"तुम्ही दाराशी होतात," ती म्हणाली.

"मी घंटा वाजवत होतो, वहिनी."

"हो. पण मधे कधी थांबला असाल. एखादा शब्द? आठवून बघा. मी खोटं बोला म्हणत नाही. नुसतं आठवून बघा."

मी बघतो म्हणालो. तिने जाताना भांडं चुलीवरून खाली उतरवून ठेवलं.

६

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत आमच्याकडे रोज पहाटेची मिस्सा असते. म्हणजे मी रोज त्या दाराशी आणखी लवकर जायचो. खरं सांगायचं तर गरजेपेक्षाही लवकर.

याची मला लाज वाटते, पण सांगतो. मला ते कडं आवडायला लागलं होतं. अंग सगळं बधिर झालं होतं. भाकरीची चव लागत नव्हती, कुणी मेलं किंवा लग्न झालं तरी मी घंटा सारख्याच मनाने वाजवत होतो. दिवसभरात ती एकच जागा होती जिथे मला काहीतरी कळायचं. मी उजवा हात त्या काळ्या खुणांवर ठेवायचो. चार बोटांवर चार बोटं. माझा अंगठा मात्र पुढे दंवात जायचा.

आणि हेही मला समजत होतं की मी वहिनीला हवं ते सांगितलं, दादाला आवारात जागा मिळाली, तर तो कडं सोडेल.

एका पहाटे मागे पाऊल वाजलं. वहिनी होती. मी तिथे का उभा आहे, असं तिने विचारलं नाही. तिने हातमोजा काढला, माझा हात बाजूला सारला आणि कडं धरलं. मी वाट बघत होतो, ती कुबाटसारखा हात झटकेल म्हणून. तिने झटकला नाही. डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. तिच्या ओठांतून वाफ येत होती.

"असंच धरायचे ते," ती शेवटी म्हणाली. "करवतीची मूठसुद्धा. आखूड अंगठा असा दाबून."

"वहिनी, लोखंड आहे ते."

"हो," ती म्हणाली. "उद्या धर्माधिकाऱ्यांचा कारकून साक्ष घ्यायला येतोय, भावजी. आठवलं का काही?"

आतून काहीतरी वाजल्यासारखं झालं, म्हणून मी दाराकडे पाहिलं. उंदीर असेल.

"बघतो," मी म्हणालो.

७

कारकून लठ्ठ होता आणि त्याला परत जायची घाई होती. मिस्सा संपल्यावर लोक पांगले नाहीत. वेदीच्या पायरीवर शुभवर्तमानाचं पुस्तक उघडून ठेवलं. बेनेश पाद्री माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हावेल, जेवढं ऐकलंस तेवढं सांग. एक शब्द जास्त नको आणि एक कमीही नको. नंतर तुला कुणी काही बोललं तर माझ्याकडे ये."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. किंवा नव्हतं, ते सगळ्यांशी असंच बोलत. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी पुस्तकावर उजवा हात ठेवला. पानाचं चामडं कसं लागतं ते मला कळलं नाही. कारकुनाने विचारलं, "मृत यीरा याने शेवटच्या वेळी पाद्री किंवा कबुली मागितल्याचं तू ऐकलंस का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी मी ज्याला भ्यालो होतो तेच आज झालं, आणि ते काही एवढं भयंकर नव्हतं. वहिनी पहिल्या रांगेत होती. कुबाट होता. मी तोंड उघडलं आणि मला दादाचा आवाज आठवला, शब्दन् शब्द. पाय जाणवत नाहीयेत मला. ते वाक्य जिभेपर्यंत आलं होतं. पण त्याच्यामागोमाग दुसरं वाक्य आलं, वर्षभर सवयीचं झालेलं, आणि तेच आधी बाहेर पडलं.

"मी घंटा वाजवत होतो. मला काही ऐकू आलं नाही."

कारकुनाने पुस्तक मिटलं. कुबाट खाली बघायला लागला. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि माझ्याजवळून जाताना थांबली.

"नसेल आलं ऐकू, भावजी," ती म्हणाली. "घंटेचा आवाज मोठाच असतो."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

८

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. बर्फ पडून गेलं होतं. मोठ्या दाराशी आलो, कडं पाहिलं. पांढरं, सगळीकडून पांढरं, एकही काळी जागा नाही. हात घातला. काही कळलं नाही. डावा हात घातला तर चटका बसावा असा गारठा.

दादाने कडं सोडलं होतं. त्याला जागा मिळाली म्हणून नव्हे. मी उघडणार नाही हे त्याला पटलं म्हणून. तिथे मला रडू आलं, आणि आलं याचंच बरं वाटलं.

वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो. किल्ली खिळ्याला अडकवली, दिवा लावला, खांबांमधून चालत मोठ्या दारापाशी आलो. आतसुद्धा इतकी थंडी होती की अडसरावर दंव धरलं होतं. दिवा जवळ नेला. दंवात काळ्या जागा होत्या. दोन हातांच्या. आठ बोटं आणि दोन अंगठे. दोन्ही अंगठे पूर्ण होते.

मी उजवा हात ठेवला. अडसर कोमट होता.

घाबरलो असं म्हणता येणार नाही. दमलो होतो. घंटा तशीच ठेवून मी अडसर सरकवला, दार उघडलं आणि पायरीवरचं बर्फ लोटायला बाहेर आलो, जसा रोज येतो. दार मागे मिटलं. मग अडसर खोबणीत बसल्याचा आवाज आला. तो आवाज मी बारा वर्षं आतून ऐकत आलो आहे. बाहेरून पहिल्यांदाच ऐकला.

मागच्या दाराकडे गेलो. तेही लागलेलं, किल्ली आत खिळ्याला. परत आलो. बायका अजून खोकत आल्या कशा नाहीत, असं वाटेपर्यंत आतून घंटा सुरू झाली. दोर ओढणाऱ्याचा उजवा हात कच्चा आहे, दर तिसरा ठोका मागे राहतो. गावात असा ठोका एकाचाच पडतो.

मग गाणं सुरू झालं. आत सगळे आहेत. कुबाटचा भसाडा आवाज मला ओळखू येतो. वहिनीचाही येतो. मी कडं धरून हलवतो आहे. उजाडायला हवं होतं एव्हाना, पण अजून तसंच आहे, ना अंधार ना उजेड. पाय कुठे आहेत ते मला कळत नाही.

घंटा थांबली आहे. फटीला तोंड लावलं की पलीकडचा श्वास ऐकू येतो. फटीतून एकदा दिव्याच्या उजेडात एक मूठ दिसली, अडसरावर घट्ट आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी फार वेळ पाहिलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. दादाने काय काय म्हटलं ते जसंच्या तसं. कबुली देतो म्हणाला होता, मी ऐकलं होतं, मी घंटा थांबवली होती. "वहिनीला सांग," मी म्हटलं, "ती पहिल्या रांगेत आहे. डुकरं उकरतात तिथे. एवढं एक सांग, मग नको उघडूस."

तो ऐकतो आहे. एक शब्दही सुटलेला नाही त्याच्या कानातून. मिस्सा संपली की तो दार उघडेल, लोक त्याला विचारतील, आणि तो म्हणेल की मी घंटा वाजवत होतो, मला काही ऐकू आलं नाही.